बर्फात ठेवलेली पिशवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. छातीतल्या नळीतून माझ्या रक्तात बुरशी शिरली ती माझ्या हातामुळे, प्राजक्ताच्या नव्हे. प्राजक्ता म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची मुलगी, शिकलेली नर्स. बंदरावर आणि नात्यातल्या सगळ्या घरांत या बाबतीत आजही तिचंच नाव घेतात. मी ते घेऊ दिलं.

लिहायला सांगितलं ते गोव्याच्या इस्पितळातल्या आहाराच्या डॉक्टरबाईंनी. शिरेतून आहार घेऊन बरे झालेले लोक आमच्याकडे फार नाहीत. ज्यांना नव्याने नळी बसते त्यांच्या घरच्यांना वाचायला द्यायला काहीतरी हवं, असं त्या म्हणाल्या. मी बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'नळी हाताळणाऱ्याने हात स्वच्छ धुवावेत.' वाक्य खरं आहे. माझ्या हातून लिहिलं गेलं की मात्र ते खोटं होतं, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला प्राजूचेच हात दिसणार. कागद फाडला. हे त्यानंतरचं लिहिणं आहे.

पोट

देवगड बंदराजवळ माझा बर्फाचा कारखाना आहे. वडिलांनी घातलेला. लाद्या पाडायच्या, चुरायच्या, पहाटे बोटी सुटायच्या आधी त्यांच्या खणांत भरून द्यायच्या. मासा पकडणारे वेगळे, विकणारे वेगळे. मी मधला, मासा टिकवणारा. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, तेच वाईट.

एके दिवशी मासळीचा लिलाव चालू असताना पोटात कळ आली. आधी बेंबीपाशी, मग सगळीकडे. माझा जुना कामगार सदू म्हणाला, "मालकानू, पित्त झाला आसतला. सोडो पिवा थोडो." सोडा प्यायलो. मग ओवा. मग घरी जाऊन गरम पाण्याची पिशवी. दुपारपर्यंत मी जमिनीवर गडबडा लोळत होतो आणि मंदा, माझी बायको, गाडीसाठी रस्त्यावर धावत होती.

पुढचं मला तुटक आठवतं. गाडीतले खड्डे, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका, छताचे दिवे. शुद्धीवर आलो तेव्हा सर्जन पलंगाशी उभे होते. आतड्याला रक्त नेणारी नस गुठळीने बंद झाली होती. लहान आतडं काळं पडलं होतं, बहुतेक सगळं काढावं लागलं. वीतभर कुठे, हातभर कुठे, असं काही शिल्लक आहे, म्हणाले.

मंदाने विचारलं, "मगे ते जेवतले कसे?"

"जेवतील. पण जेवलेलं अंगाला लागणार नाही. निदान बरेच महिने."

मंदा माझ्याकडे बघत राहिली. मासळीच्या आमटीवर वाढलेला माणूस मी. त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली नाही. मला लाज वाटली. का, ते सांगता येत नाही. जणू मी माझंच काहीतरी नासू दिलं होतं.

पांढरी पिशवी

छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेतून एक मऊ नळी आत घातली. तिचं टोक हृदयाजवळ. त्या नळीतून रात्रभर आहार जायचा. पिशवीला तीन कप्पे असतात. दाबून मधले बंध सोडले की साखर, प्रथिनं आणि चरबी एकत्र होतात आणि सगळं दुधासारखं पांढरं दिसायला लागतं. तो पांढरेपणा चरबीचा. चरबीशिवाय माणूस नुसत्या साखरपाण्यावर फार दिवस तग धरत नाही, हे मला तिथे कळलं.

इस्पितळात आठवडे गेले. सकाळी वजन, मग रक्त, मग पट्टी. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा रोज डब्यातली पेज भुरकायचा आणि मी त्या आवाजाकडे कान लावून पडायचो. रात्रपाळीची एक आया मला चोरून लिंबाची फोड हुंगायला द्यायची. "चाटाक नाय, वास घे फक्त." तिचं नावही मी विचारलं नाही.

घरी सोडायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला, पिशवी लावणार कोण? प्राजू तेव्हा जवळच्या मिठबाव गावाहून स्कूटरवर गावोगाव फिरून घरगुती रुग्णांची कामं करायची. कुणाची पट्टी, कुणाची लघवीची नळी, कुणाला इंजेक्शन. तिने इस्पितळात येऊन सगळं शिकून घेतलं. मंदालाही तिनेच शिकवलं. हात किती वेळ घासायचे, नळीचं तोंड कसं पुसायचं, पुसल्यावर वाळू कसं द्यायचं.

पिशवीत काय काय असतं ते सांगताना ती म्हणाली, "सोयाबीनचा तेल, अंड्याचो बलक."

मंदा थबकली. "अंडा? आणि सोमवारी?"

"मावशे, तोंडातून जाणा नाय मा. शिरेतून जाणाऱ्याक सोमवार लागना नाय."

आम्ही तिघंही हसलो. त्या महिन्यांतलं ते बहुधा एकमेव हसणं.

मग ती गंभीर झाली आणि ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलायला लागली. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती तसं बोलते. "काका, ही पिशवी एकदा टोचून लावली की सकाळपर्यंत संपवायची. उरली तर टाकायची. फ्रीजमध्येसुद्धा ठेवायची नाही. यात तेल आहे. तेलात जंतू आणि बुरशी लवकर वाढतात."

मी मान हलवली. आणि मनात म्हटलं, फ्रीज वेगळा, बर्फ वेगळा.

आंगावर

रात्री जेवणवेळेनंतर प्राजू पिशवी लावून जायची. उजाडल्यावर मंदा काढायची. मधला वेळ मी खांबाला बांधलेल्या गुरासारखा. खाली बंदरावर इंजिनं सुरू व्हायची, ट्रॉली ओढल्याचा आवाज यायचा, आणि माझ्या कारखान्यातला बर्फ दुसऱ्याच्या हाताने बोटींत भरला जायचा.

महिन्याभराने मी दिवसा कारखान्यात जायला लागलो. पहिल्याच आठवड्यात बोट चालवणारा पांडू तांडेल भेटला. आमची शाळेपासूनची ओळख. माझ्या पिशवीबद्दल सगळ्या बंदराला ठाऊक होतं. त्याने चारचौघांत विचारलं, "काय रे, पहाटे दिसणस नाय? अजून आंगावर पितंस काय?"

लोक हसले. तो वाईट मनाने बोलला नाही. बोटीवर असंच बोलतात. मी धडधाकट असतो तर त्याहून वाईट काहीतरी परत दिलं असतं. पण त्या दिवशी माझ्या शर्टाच्या आत नळी चिकटपट्टीने बांधलेली होती आणि मी वरचं बटण लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतःच पिशवी बंद केली. मंदा कशी करते ते रोज बघत होतो. चिमटा लावला, नळी सोडवली, टोपण बसवलं. पिशवी निम्मी भरलेली होती. टाकली असती तर मंदाला दिसली असती. म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळली, कारखान्यात नेली आणि थर्माकोलच्या पेटीत चुऱ्याच्या बर्फात पुरली, जशी मी आयुष्यभर सुरमई पुरत आलो. मग जेटीवर जाऊन उभा राहिलो. पांडू बोटीवरून ओरडला, "इलो रे मालक!" मला बरं वाटलं.

दुपारी कारखान्याच्या खोलीचं दार लावून मी ती निम्मी पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि थेंब बघत उरलेली आत घेतली. मंदाला सांगितलं, "आता माझी मीच काढतंय. पहाटेच संपता." ती खूश झाली. नवऱ्याला स्वतःचं स्वतः जमायला लागलं, असं तिला वाटलं.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ती माझी रीतच झाली. वजन वाढत होतं, गोव्याला तपासणीत डॉक्टरबाईंनी पाठ थोपटली.

आता इथे एक गोष्ट नीट लिहायला हवी. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. एकदा गरम झालेला मासा परत बर्फात घालून कुणी लिलावाला आणला, तर हात लावून ओळखणारा माणूस मी. कल्ले लाल असले तरी ओळखतो. किती जणांना मी सगळ्यांसमोर उभं केलंय. "फसवतंस कोणाक? ह्यो मासो एकदा तापलेलो आसा. बर्फान ह्येका आता काय होवचा नाय." हे माझे शब्द. रात्रभर खोलीच्या उष्म्यात टांगलेली, तोंड उघडलेली, तेलाची पिशवी मी बर्फात घालत होतो आणि पुन्हा बाहेर काढत होतो. माशाच्या बाबतीत जे मी दुसऱ्याला करू देत नव्हतो, ते मी माझ्या रक्तात सोडत होतो.

खवला

एके संध्याकाळी प्राजू नळी पुसायला बसली आणि थांबली. चिमट्याला एक खवला चिकटला होता. नखाएवढा, चकचकीत.

"काकानू, ह्या काय?"

"खवलो."

"ता माका कळता. हंय खयसून इलो?"

"बंदरावरच्या माणसाच्या आंगार खवलो मिळाना नाय तर काय फुला मिळतली?"

ती हसली नाही. मंदा स्वयंपाकघरात होती. प्राजूने आवाज खाली घेतला. "मावशी सांगता पिशवी पहाटेच संपता. मी जशी लावतंय तशी ती उजाडल्याशिवाय संपाक शकना नाय. उरलेली खंय जाता?"

"टाकतंय."

"टाकतास? मगे वजन कशान वाढता?"

पोरगी हुशार. मी चिडलो. "तू माका बर्फ शिकवतलंस?"

बर्फाचं नाव तिने काढलंच नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं. तिने सगळं समजून घेतलं आणि हातातली वस्तू खाली ठेवली. "मी डॉक्टरांक फोन करतंय."

तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले. माझ्या मुलीच्या वयाची ती. म्हटलं, मंदाला कळलं तर ती खचेल, डॉक्टर मला परत खाटेवर टाकतील, कारखाना बुडेल. आजपासून बंद. माझा शब्द. देवाकडे तोंड करून म्हटलं.

तिने चिमट्यावरचा खवला काढून टाकला. मग म्हणाली, "थंडी वाजली तर आधी माका सांगा. लपवू नकात." आणि त्या दिवशी तिने सगळी नळी, सगळी टोपणं बदलली.

दोन दिवस मी शब्द पाळला. तिसऱ्या पहाटे इंजिनांचा आवाज आला आणि मी उठलो.

थंडी

थंडी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बर्फाच्या खोलीत आयुष्य गेलं, पण अशी थंडी नाही. पिशवी सुरू झाली की तासाभरात दात वाजायचे, पलंग हलायचा, मग ताप फणफणायचा. पिशवी संपली की उतरायचा. मी पहिल्या वेळी लपवलं. दुसऱ्या वेळी मंदाने बघितलं आणि गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. बंदरावरचं काम, उंदीर, साचलेलं पाणी. त्यांनी लेप्टोचा, म्हणजे उंदरांमुळे येणारा ताप समजून गोळ्या दिल्या, रक्त पाठवलं. त्यांचा दोष नाही. त्यांना पिशवी बर्फात असते हे कुणी सांगितलं होतं?

प्राजू त्या दोन दिवसांत तिच्या आईला घेऊन सावंतवाडीला गेली होती, पिशवी मंदाच लावत होती. परत आली तशी ती थेट माझ्या खोलीत आली. माझा हात हातात घेतला, पिशवीकडे बघितलं आणि चिमटा लावून पिशवी बंद केली.

"मावशे, ही परत लावूची नाय. गाडी बोलाव. आत्ताच्या आत्ता गोव्याक."

"अगो पण लेप्टोच्या गोळये..."

"मावशे, गाडी."

गाडीत ती माझ्या डोक्याशी बसली होती. मला मधूनच शुद्ध यायची. एकदा ती अगदी कानाशी येऊन म्हणाली, "काकानू, परत केलास ना?" मी डोळे मिटून घेतले. तिने पुन्हा विचारलं नाही.

एक शब्द

नळीतून रक्त घेतलं, दंडातून घेतलं. दोन्हींत बुरशी निघाली. डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. चरबी वाईट नाही, तिनेच मला इतके महिने जगवलं. पण तिच्यात एकदा बुरशीचा कण पडला आणि वेळ मिळाला, की त्या बुरशीला ते वाढलेलं पान असतं. ती नुसती वाढत नाही. नळीच्या आतल्या बाजूला चिकट थर धरते, जेटीच्या खांबाला शेवाळ धरतं तसा. त्या थरात औषध पोचत नाही. म्हणून नळीच काढावी लागते. आणि रक्तातून ती कुठेही जाऊन बसते. म्हणून डोळेही तपासायचे.

डोळ्यांचं ऐकून मला नवल वाटलं. ताप छातीतल्या नळीचा, डोळे कशाला? डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं. डाव्या डोळ्यात ती पोचली होती.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "पिशवी घरी कोण लावतं?"

मंदा म्हणाली, "माझी भाची. नर्स आहे."

"आणखी कुणी हाताळतं का नळी? तुम्ही स्वतः?"

त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं. मंदा बघत होती. प्राजू बाहेर औषधांच्या रांगेत होती. मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरबाईंनी कुणालाही दोष दिला नाही. फक्त म्हणाल्या, "असा संसर्ग बहुतेक वेळा हाताळणीतून येतो. पुढच्या वेळी आपण सगळ्यांना पुन्हा शिकवू." त्या 'हाताळणी' या शब्दावर मंदाच्या चेहऱ्यावर काहीतरी घट्ट झालं. मला ते दिसलं.

नळी काढली. कित्येक दिवस बुरशीचं औषध चाललं, त्याने अंग मोडून यायचं. काही दिवस चरबीही बंद ठेवली. तोंडाला कोरड पडायची. एका सिस्टरने माझ्यावर दया येऊन जिभेवर बर्फाचा खडा ठेवला. किती प्रेमाने ठेवला होता. मी तो विरघळेपर्यंत तोंडात धरला आणि मला वाटत राहिलं, थुंकून टाकावा.

प्राजू त्या दिवसांत रोज यायची. मला एकटं गाठायला बघायची. मी झोपेचं सोंग घ्यायचो. एकदा तिने मंदाला माझ्यासमोरच म्हटलं, "मावशे, काकांका तुका कायतरी सांगूचा आसा." मी म्हटलं, "काय नाय. पाणी दी." मंदाने पाणी दिलं.

खळ्यात

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी प्राजू आली. मी पडवीत आरामखुर्चीवर होतो. ती स्कूटर लावून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, शिरली आणि मंदाने तिला तिथेच थांबवलं. पायरी चढू दिली नाही.

"थंयच उभी ऱ्हव."

"काय झाला गो मावशे?"

"काय झाला? मरणाच्या दारात नेलंस माझ्या घोवाक, आणि विचारतंस काय झाला? दहा घरांची घाण उपसून ये, आणि तेच हात हंय लाव. शालनक सांग, तुझ्या चेडवान आपल्या मावशीचा कुंकू पुसूक घेतल्यान."

शालन म्हणजे प्राजूची आई. शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती.

प्राजू पांढरीफटक पडली. पण ती मंदाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. थांबून. लिलावात शेवटची बोली लागल्यावर माणूस एक क्षण थांबतो ना, अजून कुणी बोलतं का बघायला, तशी. मी बोलेन, म्हणून ती थांबली होती.

मी खाली बघितलं. पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीला एक भेग होती. ती मला अजून रेघेरेघेने आठवते.

"बरा," ती म्हणाली. "औषध चुकवू नकात, काकानू. डोळे दाखवीत ऱ्हवा." आणि गेली.

तिने सांगितलं असतं तर? खवल्याचं, जोडलेल्या हातांचं, मोडलेल्या शब्दाचं? तेव्हा नाही, नंतरही नाही, तिच्या आईलाही नाही सांगितलं असं दिसतं, कारण तिकडून कधी काही आलं नाही. का नाही सांगितलं ते मला माहीत नाही. डॉक्टरांना फोन करते म्हणाली होती आणि माझ्या शब्दावर थांबली, हा तिला स्वतःचा अपराध वाटत असेल. मला जे वाटायला हवं ते तिला वाटत असेल, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

पंधरवड्यात गजाली सगळीकडे पोचल्या. 'तिच्या हातून बुरशी झाली.' एकेका घराने तिला बोलवणं बंद केलं. आता ती कोल्हापूरला एका दवाखान्यात नोकरी करते. स्कूटर मिठबावला अंगणात गंजतेय, असं ऐकतो. शालन आणि मंदा बोलत नाहीत. लोणच्यासाठी शालनच्या दारातल्या झाडाचे कच्चे आंबे दर वर्षी यायचे. आंब्याला देवगडात काय तोटा. पण मंदाला त्याच झाडाचे लागायचे. आता ती बाजारातून आणते आणि प्रत्येक वेळी म्हणते, "खार बरोबर लागना नाय." मी म्हणतो, "बरा आसा."

बरा

मी बरा आहे. पुन्हा नळी बसली, काही महिने पिशव्या झाल्या. या वेळी मी पहाटे उठलो नाही; दुसऱ्याचं नाव खराब झाल्यावर मला शिस्त आली. उरलेलं आतडं हळूहळू कामाला लागलं, नळी निघाली. आता पातळ आमटी-भात पचतो, थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. डाव्या डोळ्यात मधोमध एक डाग राहिला आहे, काचेला तेलाचं बोट लागावं तसा. समोरच्या माणसाचा चेहरा त्या डोळ्याने नीट दिसत नाही.

मागच्या तपासणीला इस्पितळाच्या बाकावर आमच्या शेजारी कुडाळकडची एक बाई होती. तिच्या मुलीला नुकतीच नळी बसली होती. तिने मंदाला विचारलं, "आमच्या वाडीत एक नर्स आसा, नात्यातली. तिच्याकडसून पिशवी लावून घेव काय?"

मंदा म्हणाली, "नात्यातल्याक हात लावूक देव नकात. आमी भोगलंव."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली, माझाही होकार घ्यायला. मी तिथेही गप्प बसलो. आत माझं नाव पुकारलं आणि मी सुटल्यासारखा उठलो. आत डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमचा अनुभव लिहा, लोकांना उपयोग होईल.

तर त्या बाईसाठी, आणि तुमच्यासाठी, जे उपयोगाचं आहे ते. नात्यातली नर्स चांगली असेल तर तिलाच ठेवा. ती जे टाका म्हणेल ते टाका. पांढरी पिशवी एकदा उघडली की तिला फ्रीज वाचवत नाही, बर्फ वाचवत नाही. चरबीला घाबरू नका, पण तिला शिळी करू नका. पिशवी चालू असताना थंडी वाजली तर ती बंद करा आणि नळी बसवणाऱ्यांकडे जा, दुसरीकडे वेळ घालवू नका. आणि डॉक्टर विचारतील, आणखी कुणी हाताळतं का, तेव्हा खरं सांगा. माझ्या 'नाही'ने औषध बदललं नाही. बुरशी तीच, गोळ्या त्याच. बदललं ते दुसऱ्याचं आयुष्य.

आजार मी भोगला असं मंदा म्हणते. मी त्यातला थोडाच भोगला.

हे लिहून झालं म्हणजे मी सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. इस्पितळ छापेल त्या पुस्तिकेत माझं नाव नसेल; मंदा वाचत नाही; कोल्हापूरला ती कुणी नेणार नाही. माझं देणं वेगळं आहे. शालनला आणि प्राजूला घरी बोलवायचं, मंदाला बाहेर घ्यायचं, कुंपणाशी जे दोघं उभे होते त्यांनाही हाक मारायची, आणि त्याच खळ्यात, बसून नव्हे, उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: पिशवी मी बर्फात ठेवी होतंय. प्राजून माका अडवल्यान. मी तिका शब्द दिलंय आणि मोडलंय. डॉक्टरांक मी खोटा सांगलंय.

चार वाक्यं आहेत. ती मी अजून म्हटलेली नाहीत.